हबीबच्या नकाशावरचं हिरवं गाव

हबीब गेला, ही बातमी मी लातुरातून ज्याला ज्याला फोन करून सांगितली, त्यानं आधी मलाच झापलं. "दिगंबरराव, वयाचं तरी भान ठेवा. मरणाच्या थापा मारत नसतात." आमच्या वर्गातल्या एकानं तर माझा फोन कट केला आणि खात्री करायला थेट हबीबच्याच नंबरवर लावला. तो त्याच्या बायकोनं, रेहानाभाभींनी उचलला… मग त्याचा मला परत फोन आला. आता जन्मभर माझ्यासारख्या ज्या थापाड्यानं औशाच्या किल्ल्यावरून सोलापूरचे दिवे दाखवले, देगलूरच्या बाजारात वाघाशी तेलुगूत भांडण केलं, त्याच्या खऱ्या बातमीवर कुणी का विश्वास ठेवावा? मीही ठेवत नव्हतो. भाभींनी सकाळी सांगितलं तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "खोटं" हाच. नमाजाहून आले, चहा ठेव म्हणाले, आणि चहा उकळेपर्यंत खुर्चीतच संपले. एवढंच. ज्या माणसानं आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचा अंदाज आधी दिला, त्यानं स्वतःच्या जाण्याचा जरासुद्धा अंदाज कुणाला लागू दिला नाही.

आम्ही देगलूरच्या शाळेतले. त्याच्या वडिलांचं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान होतं, आणि लग्नसराईत तिथं हातोड्यांचा असा गजर चालायचा की शेजारच्या गल्लीतले बहिरे लोक दार लावून घ्यायचे. त्या गजरात बसून हबीब शांतपणे गणितं सोडवायचा. मी त्याला रोज एक नवी गोष्ट सांगायचो. मगरीच्या पाठीवर बसून नदी पार केली, असं सांगितलं तर इतर पोरं तोंडं उघडी टाकून ऐकायची, हा विचारायचा, "मगर किती लांब होती? तू पुढं बसला होता का मागं?" मी म्हणायचो, वीस फूट. तो मनात काही तरी करायचा आणि म्हणायचा, "म्हणजे अडीच. घोरपड असंल." वर्गात त्यानं नियमच लावला होता, दिग्याच्या सांगण्याला आठानं भागायचं. मला राग यायचा तो या गोष्टीचा की त्याचं उत्तर दर वेळी बरोबर यायचं. पुढं तो नांदेडला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायला लागला, तेव्हा पोरांना सांगायचा म्हणे, "खोट्या आकड्याला घाबरू नका. त्याची खोटं बोलायची सवय ओळखा, मग तो खऱ्यापेक्षा कामाचा. माझा एक मित्र आहे लातूरला…" अशा रीतीनं मी मराठवाड्यातल्या कित्येक पदवीधरांच्या अभ्यासक्रमात होतो, आणि मला त्याचं मानधन कधी मिळालं नाही.

मी पंचायत समितीतून विस्तार अधिकारी म्हणून निवृत्त झालो, तो कॉलेजातून. मी निवृत्तीनंतर सकाळी फिरायला जायचं ठरवलं आणि गेलो नाही. त्यानं ठरवलं की आपल्या भागात पाण्यावरून होणारी मारामारी ती व्हायच्या आधी ओळखायची. "पाऊस कुठं पडणार ते सांगणारे लई आहेत," तो म्हणाला, "डोकी कुठं फुटणार ते कुणी सांगत नाही." मी हसलो. म्हटलं, त्याला कॉम्प्युटर कशाला पाहिजे, कोणत्याही ग्रामसभेला जाऊन बस. पण तो मागं लागला होता. पावसाचे आकडे, उपग्रहानं काढलेले शेतांचे फोटो, टँकरच्या मागण्या, तहसीलातल्या तक्रारींचे अर्ज, ठाण्यात नोंदवलेली किरकोळ भांडणं, सोयाबीनचा भाव… हे सगळं तो त्या यंत्रात घालायचा, जुन्या वर्षांशी ताडून बघायचा, आणि त्यातून नांदेड-लातूरच्या गावांचा एक नकाशा निघायचा. तंटा होण्यासारखी गावं लाल, जरा जपून राहण्यासारखी पिवळी, बाकीची हिरवी. पहिल्यांदा दाखवला तेव्हा मी म्हणालो, "बाप रे, हे तर मिरचीचं वाळवण!" तो म्हणाला, "हौ. म्हणून लवकर उचलायला पाहिजे."

ज्या दोन गावांची ही गोष्ट आहे त्यांची नावं मी लिहीत नाही. का, ते पुढं कळेलच. एकाला वरचं गाव म्हणू, एकाला खालचं. नायगावच्या पुढं एसटीतून उतरलं की फाट्यावरून रस्ता आत जातो. दोन्ही गावांच्या मधे नदीवर लोखंडी दारांचा बंधारा आहे. पावसाळा संपला की दारं टाकायची, पाणी अडतं, त्यावर वरच्या गावाचा हरभरा निघतो. आमच्या तरुणपणी यात भांडायला जागाच नव्हती. पाऊस आपल्या वेळेला यायचा, पाहुण्यासारखा दसऱ्याआधी निरोप घ्यायचा, आणि दारं पडायची. आता पावसानंच वेळ सोडली. एका साली वरच्यांनी घाई करून दारं टाकली, आणि दिवाळीच्या तोंडावर असं पाणी आलं की बंधाऱ्याच्या बाजूचा भराव फोडून खालच्या गावाची काळी माती खरडून घेऊन गेलं. मी स्वतः बघितलं, एका बाभळीच्या शेंड्यावर म्हैस रवंथ करत होती. (आठानं भागा, वासरू होतं, आणि मेलेलं होतं.) पुढच्या साली खालच्यांनी दारं टाकू दिली नाहीत, पाऊस आलाच नाही, नदी वाहून गेली आणि वरच्यांचा हरभरा जागेवर करपला. तेव्हापासून दोन्ही गावं आभाळाकडं कमी आणि एकमेकांकडं जास्त बघायला लागली. हबीबला झोप नव्हती ती याच काळजीनं. खालच्या गावात त्याच्या कॉलेजातला शिपाई राहायचा, मारोती. वरच्या गावात त्याचे विद्यार्थी. "दिग्या," तो म्हणायचा, "या बंधाऱ्यावर एक माणूस जरी पडला ना, तर पुढच्या दोन पिढ्या पाणी न्हाई, रक्त मोजतील."

आणि नेमका तो नकाशा फुटला. त्यानं एका अधिकाऱ्याला विश्वासानं पाठवलेला. तो तिथून कुणाच्या तरी मोबाइलवर गेला, आणि एका दिवसात व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिकेसारखा फिरला. वरचं गाव लालभडक. आठवडा जायच्या आत वरच्या गावातली एक ठरलेली सोयरीक मोडली. मुलीकडचे म्हणाले, सरकारनंच भांडखोर म्हणून छापलेल्या गावात पोरगी कशी द्यायची? मी नेमका त्या दिवशी नांदेडला त्याच्याकडं होतो. दारात टेम्पो थांबला आणि त्यातून निम्मं गाव उतरलं. पुढं सरपंच शिवराज, हबीबचाच जुना विद्यार्थी.

"सर, आमच्या गावाला लाल रंग का दिलाव?"

"शिवराज, आत तर ये."

"आत न्हाई येत. तुम्हीच शिकवलं न्हाई का, आकड्याची सवय ओळखली की तो खरं सांगतो म्हणून? मग आम्ही भांडखोर हाव, हे सांगा ह्या सगळ्यांला. सांगा की!"

हबीब दारातून बाजूला झाला. रेहानाभाभींनी सगळ्यांना बळंबळं बसवलं, "भांडना है तो चाय पी के भांडो," म्हणाल्या, आणि आख्ख्या टेम्पोला चहा पाजला. ते गेल्यावर हा खुर्चीत टेकला. मग म्हणाला, "मी आग लागंल का ते बघायला गेलो, दिग्या, आणि हातात काडी घेऊन गेलो." नकाशा खरा होता की खोटा, हा प्रश्नच उरला नव्हता. गाव लाल नसलं तरी आता लाल व्हायला मोकळं झालं होतं. मी म्हणालो, चल, जाऊन बसू त्यांच्यात. मार खाल्लास तर आठानं भागून सांगेन लोकांना.

गेलो. वरच्या गावच्या पारावर आमचं स्वागत तोंडं फिरवून झालं. हबीब तर आधीच कमी बोलणारा. शेवटी माझ्याच्यानं राहवेना आणि मी आमच्या चंद्रीची गोष्ट सुरू केली. चंद्री म्हणजे आमच्या आजोळची म्हैस. लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या उन्हाळ्यात, गाडी मिरजेहून सुटायच्या आधीच ही औशाहून चालत निघाली आणि लातूरच्या फलाटावर जाऊन उभी राहिली, मिरजेकडं तोंड करून. स्टेशनमास्तरला कळेना, साहेबाला कळेना; हिला पाण्याचा वास आलेला! एवढं बोलतोय तोच मागून एक म्हातारा ओरडला, "अन् तिकीट? तिकीट काढलं होतं का तुमच्या म्हशीनं?" मी म्हटलं, फलाटाचं काढलं होतं. "कशावरनं? दाखवा की!" दुसरा म्हणाला, "ह्ये सायेब लई लबाड हाय, ह्याला आधी बांधा दाव्याला!" शिवराजसुद्धा हसू दाबत म्हणाला, "सर, असल्या माणसाला बरोबर घेऊन तुम्ही आकडे गोळा करून राहिलेत व्हय?" अर्ध्या तासात माझी, माझ्या म्हशीची आणि माझ्या खात्याची अशी धिंड निघाली की बोलायची सोय नाही. मग चहा आला. त्याबरोबर शिव्याही आल्या, खालच्या गावाला, आम्हाला, पावसाला, सगळ्यांना सारख्या. हबीब एका कडेला बसून चेहरे बघत होता.

तिथून बंधारा ओलांडून खालच्या गावात गेलो. नकाशावर ते हिरवंगार होतं. तक्रार नाही, अर्ज नाही, ठाण्यात नोंद नाही. मारोतीनं घोंगडी टाकली, माणसं जमली, सगळी अदबीनं बसली. मी म्हटलं, आता हात साफ झालाय, आणि चंद्रीला पुन्हा फलाटावर उभी केली. या वेळी तिला तिकीटही दिलं, खिडकीजवळची जागाही दिली. कुणी हूं की चूं केलं नाही. "असंल," एक जण म्हणाला. दुसऱ्यानं मान हलवली. मी पेटलो, म्हशीला डब्यात चढवली, कुर्डुवाडीला चहा पाजला. "असंल, सायेब." माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या थापा एवढ्या शांतपणे कुणी गिळल्या नव्हत्या. मला वाटलं काय सुसंस्कृत गाव आहे! हबीबकडं वळून बघितलं तर तो आधीच उठून चपला घालत होता.

रस्त्याला लागल्यावर त्यानं माझा दंड धरला. "तिकडं तुला बांधायला निघाले होते. इथं एकानं तरी विचारलं का, म्हैस डब्यात चढली कशी?"

"शहाणी माणसं हायेत."

"दिग्या, ज्याचं मन ठिकाणावर असतं ना, तो खोटं ऐकून घेत नाही. हे लोक ऐकतच नव्हते. ह्यांचं काय तरी ठरलंय."

तेव्हा त्याला स्वतःची चूक लख्ख दिसली, आणि ती चूक त्याच्यासारखाच माणूस करू शकला असता. त्याच्या यंत्रात भांडणाचं मोजमाप म्हणजे तक्रार. जो अर्ज करतो, ठाण्यात जातो, ग्रामसभेत आरडतो, तो लाल. पण आपल्याकडं माणूस अर्ज कधी करतो? अजून कुणी तरी ऐकेल असं वाटतं तोवर. वरच्या गावानं आरडाओरडा करून करून लाल रंग मिळवला. खालच्या गावानं अर्ज करणंच सोडून दिलं, आणि यंत्रानं त्याला बक्षीस म्हणून हिरवा रंग दिला.

आम्ही फाट्यावरून माघारी फिरलो. हबीब मारोतीच्या ओसरीवर जाऊन बसला आणि म्हणाला, "मारोती, मी न्हाई जात. जेवायला घाल." मारोती घुटमळला. जेवणं झाली. शेवटी बायकोनंच आतून सांगितलं, "सांगा की सरांला. उद्या तुमचा ल्योक आत गेल्यावर सांगणार हाव का?" मग बाहेर आलं. गॅसकटर आणून ठेवला होता. यंदा वरच्यांनी दारं टाकली की ती कापायची, आणि आडवा येईल त्याला… पुढचं मारोती बोलला नाही. हबीबनं तोंडातून एक शब्द रागाचा काढला नाही. एवढंच म्हणाला, "माझ्या नकाशात तुमचं गाव शांत होतं रे. मी तुम्हाला विचारलंच नाही." त्यावर तो आडदांड मारोती तोंडावर पंचा धरून रडायला लागला. माती गेलेल्या शेताबद्दल तो पहिल्यांदा बोलत होता.

तीन-चार दिवस आम्ही त्या दोन गावांत ये-जा केली, आणि त्यातून बंधाऱ्यावरची बैठक ठरली. दारं एकदम टाकायची नाहीत. आधी तळाची, खालची दारं टाकायची, त्यांच्यावर बसणारी वरची जोड पाऊस खरंच गेला असं दिसेपर्यंत काठावर ठेवायची. पावसाचा अंदाज हबीब नांदेडहून पाठवणार, पण तो घरी मोबाइलवर वाचायचा नाही. दोन्ही गावांनी बंधाऱ्यावर यायचं. वरच्या गावाच्या फोनवर आलेला निरोप खालच्या गावच्या माणसानं वाचायचा, खालच्यांचा वरच्यानं. अंदाज चुकणारच, हबीबनं हे आधीच सांगून टाकलं. "चुकला तर शिव्या मला द्या. एकमेकांना देऊ नका. आणि ह्या दिग्याच्या सांगण्याला आठानं भागा." शिवराज म्हणाला, "सर, शिव्या लई येतील." हबीब म्हणाला, "येऊ दे. बंद झाल्या की मला कळव." त्या साली अंदाज एकदा चुकलाही, वरच्यांचं थोडं पाणी वाहून गेलं, आणि हबीबचा फोन दिवसभर शिव्यांनी तापला. मी त्याला एवढा खूश झालेला कधी बघितला नव्हता. तो गॅसकटर पुढं मारोतीच्या पुतण्यानं फाट्यावर वेल्डिंगच्या दुकानात लावला. मोडलेली सोयरीक मात्र जुळली नाही. ते शल्य त्याला शेवटपर्यंत होतं.

नकाशावरचे गावांचे रंग त्यानं काढून टाकले. तो कुणाला दाखवणंही बंद केलं. आकडे सांगतील तिथं, आणि आकडे गप्प असतील तिथं आधी, आपण स्वतः जाऊन बसायचं, असं ठरलं. आपण म्हणजे तो आणि त्याचं नवं उपकरण, अर्थात मी. तो नांदेडहून यायचा, मी लातुरातून, आणि फाट्याफाट्यावर भेटून आम्ही गावं हिंडायचो. काय दिवस होते! मी थापा मारायच्या, त्यानं माझ्या उजव्या हाताला बसून बघायचं, कोण टोकतो, किती लवकर टोकतो, दुसऱ्या आळीचा माणूस त्यात सामील होतो का. उदगीरच्या बाजूला एका गावात लोकांनी मला कानडीत, मराठीत आणि उर्दूत असं तिहेरी खोटं पाडलं; हबीब परतीच्या एसटीत म्हणाला, "हे गाव शंभर वर्षं टिकंल." मी त्याला म्हणायचो, अरे, माझ्या प्रतिभेची तुला किंमत नाही, तू मला पर्जन्यमापक करून टाकलंस. तो खिडकीबाहेर बघत म्हणायचा, "पर्जन्यमापक महाग असतो. तू फुकट आहेस." खिशातून भाभींनी दिलेली शंकरपाळी काढायचा आणि मोठा वाटा माझ्याकडं सरकवायचा.

शेवटचा भेटला तो नायगावच्या बसस्थानकावर. दमलेला दिसत होता. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. म्हणाला, दारं टाकायचं एकदा होऊ दे. त्याच्या काळजीची गोष्ट एकच होती. यंदा पावसानं पुन्हा हिसका दिला होता, मधे उघडीप आणि मागून नुसता चिखल, आणि बैठकीची सवय दोन्ही गावांत मुरली आहे का, की ती नुसती त्याच्या भिडेवर उभी आहे, हे त्याला बघायचं होतं. ते बघायच्या आधीच तो गेला. त्याच्या दफनाला दोन्ही गावं आली होती, पण तिथं कुणी कुणाशी बोललं नाही. आणि मी हबीबचा शिष्य, मला त्या शांततेनं धडकी भरली.

म्हणून गेल्या आठवड्यात बंधाऱ्यावर बैठक आहे असं शिवराजनं कळवलं, तेव्हा मी एकटाच निघालो. अंदाज आता हबीबची विद्यार्थिनी प्रणिता पाठवते. तो आला, मारोतीनं शिवराजच्या फोनवरून वाचला, शिवराजनं मारोतीच्या फोनवरून. वरची जोड अजून थांबवायची, असं त्यात होतं. वरच्या गावाचे चेहरे उतरले. कुणी काही बोलेना. मी घसा खाकरला, म्हटलं, आता चंद्रीला काढावी… आणि मला एक वाक्य सुचेना. मला! तेवढ्यात वरच्या गावचा तो तिकीटवाला म्हातारा म्हणाला, "सर असते तर त्यांनी ढगालाच विचारलं असतं. मागच्या साली ह्याच जागी सरांनी बोट वर केलं, तसा ढग थांबला. म्या बघितलंय."

"कुठं बघितलंव? तुम्हाला दिसतंय कुठं?" खालच्या गावातून एक जण उखडला. "ढग आमच्या बाजूला थांबला हुता."

"थांबला अन् मग?"

"मग काय, सरांनी त्याला आठानं भागलं!"

हसण्याचा असा लोट उठला की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. मग दोन्ही गावं तुटूनच पडली. सर भाकरी कुणाच्या घरी जास्त खात, सरांनी नदीत सूर मारून दार कसं बसवलं, सर एकदा एवढ्या मोठ्यानं हसले की नायगावात ऐकू गेलं… एक सांगायचा, दुसऱ्या गावचा त्याला खोटं पाडायचा. "थापाड्या!" "तुझा बाप थापाड्या!" कुणी तरी चहाची किटली आणली. खालची दारं पडायला लागली, लोखंडाचा आवाज पाण्यात बुडत गेला, आणि वरची जोड तशीच काठावर राहिली.

हबीबला पोहता येत नव्हतं. तो मोठ्यानं कधीही हसला नाही, मी शाळेपासून ओळखतो. त्या बंधाऱ्यावर माझ्या देखत एकामागून एक खोटं सांगितलं जात होतं, आणि मी प्रत्येकाला मान हलवून "असंल, असंल" म्हणत होतो. उजव्या हाताला जागा मोकळी होती. तिथून कुणी तरी माझ्याकडं बघायला पाहिजे होतं.